आम्ल पावसाला नाव देणारे रॉबर्ट अँगस स्मिथ



विज्ञानाच्या पुस्तकात प्रदूषणाचा धडा आला की ‘आम्ल पाऊस’ हा शब्द येतोच. आपण व्याख्या पाठ करतो, ताजमहालाचे उदाहरण लिहितो, दोन गुण मिळवतो आणि पान उलटतो. पण हा शब्द आला कुठून? कोणी तरी पहिल्यांदा पावसाचे पाणी बाटलीत धरले असेल, ते तपासले असेल आणि त्याला हे नाव दिले असेल ना? तो माणूस म्हणजे रॉबर्ट अँगस स्मिथ. आज त्यांची गोष्ट वाचूया. आणि त्यांच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी जंगलातल्या मातीचे काय झाले, तेही पाहूया, कारण त्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहते.

रॉबर्ट यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८१७ रोजी स्कॉटलंडमध्ये, ग्लासगो शहराजवळच्या पोलॉकशॉज या गावी झाला. घर धार्मिक होते. मुलाने धर्मोपदेशक व्हावे असे घरच्यांना वाटत होते, म्हणून शाळा संपल्यावर त्यांना ग्लासगो विद्यापीठात त्याच अभ्यासासाठी घातले. पण पदवी न घेताच रॉबर्ट तिथून बाहेर पडले. मग काय करायचे? त्या काळी शिकलेल्या गरीब तरुणाला एक काम हमखास मिळायचे, ते म्हणजे श्रीमंत घरातल्या मुलांची शिकवणी. रॉबर्टही खाजगी शिक्षक झाले. (म्हणजे आपल्याच व्यवसायातले, हे सांगताना मला जरा बरे वाटते!)

ज्या कुटुंबात ते शिकवत होते ते कुटुंब १८३९ मध्ये जर्मनीला निघाले आणि रॉबर्टही सोबत गेले. मुक्काम पडला गीसेन नावाच्या छोट्याशा गावात. आणि इथेच त्यांचे आयुष्य वळले, कारण गीसेनमध्ये युस्टुस फॉन लीबिग यांची प्रयोगशाळा होती. लीबिग हे त्या काळातले रसायनशास्त्रातले सगळ्यात मोठे गुरुजी. त्यांच्याकडे विद्यार्थी नुसती व्याख्याने ऐकत नसत, तर स्वतः हाताने प्रयोग करत. आज आपण शाळेत जे प्रात्यक्षिक करतो, त्याची पद्धत घडवण्यात या प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. रॉबर्ट तिथेच राहिले आणि १८४१ मध्ये डॉक्टरेट घेऊनच इंग्लंडला परतले.

लीबिग यांच्याकडून त्यांनी एक गोष्ट उचलली, तिच्याकडे लक्ष द्या. लीबिग यांचा त्या काळातला मोठा विषय होता शेती. झाडाला मातीतून चुना, पोटॅश, फॉस्फरस यांसारखी खनिजे लागतात आणि ती संपली की माती दुबळी होते, हे ते ठासून सांगत. पावसाच्या पाण्यात अमोनिया असतो आणि तो पिकाला मिळतो, असेही त्यांनी पाणी तपासून दाखवले होते. म्हणजे पाऊस हे नुसते पाणी नाही, हवेत जे काही असते ते तो घेऊन खाली येतो. ही गोष्ट रॉबर्ट यांच्या डोक्यात पक्की बसली असणार.

मँचेस्टरचा धूर

इंग्लंडला आल्यावर पुन्हा धर्मोपदेशक व्हावे की काय, असा विचार त्यांच्या मनात आला होता. पण १८४२ मध्ये लायन प्लेफेअर या रसायनशास्त्रज्ञाने त्यांना मँचेस्टरला मदतीला बोलावले आणि तो विचार मागे पडला.

मुलांनो, तेव्हाचे मँचेस्टर डोळ्यांसमोर आणा. जगातले कापडाचे सगळ्यात मोठे केंद्र. पुढे १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा आपल्या खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून इकडच्याच गिरण्यांकडे गेला. शेकडो धुराडी. प्रत्येक गिरणीत दगडी कोळसा आणि प्रत्येक घरातल्या शेगडीतही दगडी कोळसाच. कामगारांच्या वस्त्या दाटीवाटीच्या, गटारे उघडी, मुले लहानपणीच दगावायची. शहरांच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी सरकारने आयोग नेमला होता, आणि प्लेफेअर यांच्याबरोबर रॉबर्ट याच कामात पडले. घाण पाणी, कोंदट हवा आणि गटारे हेच त्यांचे विषय झाले.

१८४५ मध्ये प्लेफेअर शहर सोडून गेले. रॉबर्ट मात्र तिथेच थांबले आणि स्वतःच्या जबाबदारीवर रसायनांची तपासणी करून देण्याचा व्यवसाय करू लागले. कोणी पाणी तपासायला आणायचे, कोणी धातू, कोणी रंग. त्या काळी असा धंदा करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांना बक्कळ पैसा कोर्टात मिळायचा. एखाद्या कारखान्याने शेजाऱ्याचे नुकसान केले की दोन्ही बाजू आपापला तज्ज्ञ उभा करत. एक तज्ज्ञ म्हणायचा, धुराने झाड मेले. दुसरा म्हणायचा, छे, रोगाने मेले. दोघेही शास्त्रज्ञ आणि दोघांनाही फी मिळालेली! रॉबर्ट यांना हे अजिबात पटत नसे. विज्ञान कोणा एका बाजूचे वकील होऊ शकत नाही असे त्यांचे मत होते, आणि त्यांनी ते लिहूनही मांडले. असल्या कामापासून ते लांबच राहिले.

याच काळातली एक छोटी गोष्ट सांगून पुढे जाते. अलेक्झांडर मॅकडूगल यांच्यासोबत त्यांनी १८५४ मध्ये एक जंतुनाशक भुकटी तयार केली. तिच्यात कार्बोलिक आम्ल होते. पुढे कार्लाइल या गावात गटाराच्या पाण्याची दुर्गंधी घालवायला कार्बोलिक आम्ल वापरले जात होते. ही बातमी वाचून डॉक्टर जोसेफ लिस्टर यांना शस्त्रक्रियेत ते वापरून पाहण्याची कल्पना सुचली. लिस्टर यांची गोष्ट पुन्हा कधीतरी.

पावसाच्या बाटल्या

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. रॉबर्ट यांनी मँचेस्टरचे पावसाचे पाणी गोळा करायला सुरुवात केली. शहराच्या मध्यभागी, शहराच्या कडेला आणि लांब शेतात अशा वेगवेगळ्या ठिकाणी भांडी ठेवायची, पाऊस धरायचा आणि त्यात काय काय आहे ते तपासायचे. सांगायला किती सोपे! पण तेव्हा आपल्यासारखा सामू मोजायचा कागद नव्हता. सामू ही मोजपट्टीच मुळात १९०९ मध्ये डेन्मार्कचे सोरेनसन यांनी आणली. रॉबर्ट यांना प्रत्येक नमुन्यातले गंधकाचे आम्ल, मिठाचे आम्ल, अमोनिया हे सगळे वेगवेगळे तपासून, तोलूनमापून काढावे लागे. एका बाटलीला किती वेळ लागत असेल, विचार करा.

१८५२ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. शहरापासून दूर शेतांवर पडणाऱ्या पावसात अमोनियाचा कार्बोनेट सापडत होता. शहराच्या सीमेवर अमोनियाचा सल्फेट. आणि थेट शहरात पडणाऱ्या पावसात चक्क गंधकाम्ल! म्हणजे जसजसे धुराड्यांच्या जवळ जावे, तसतसे पावसाचे रूप बदलत होते. कारणही उघड होते. दगडी कोळशात गंधक असते. कोळसा जळला की गंधकाचा वायू हवेत जातो, हवेतल्या पाण्याशी मिळून आम्ल बनते आणि पावसातून खाली येते. शहरात कापडाचे रंग का फिके पडतात, लोखंडी पत्रे लवकर का गंजतात, भिंतींचे दगड का झिजतात आणि झाडे का खुरटतात, याची उत्तरे त्यांना या बाटल्यांत मिळत होती.

पुढची वीस वर्षे हे काम चालूच राहिले. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, जर्मनी अशा ठिकठिकाणचा पाऊस त्यांनी तपासला. हवासुद्धा तपासली. खाणीतली, नाटकगृहातली, रस्त्यावरची. कोंडलेल्या हवेचा माणसावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी त्यांनी शिशाच्या पत्र्याची एक बंद खोली बनवून घेतली आणि स्वतः तिच्यात बसले. (हा प्रयोग घरी करू नका!)

१८७२ मध्ये त्यांचे जाडजूड पुस्तक आले. ‘हवा आणि पाऊस’ असे त्याचे नाव, आणि ही हवामानाच्या रसायनशास्त्राची सुरुवात आहे असे नावातच पुढे जोडलेले. याच पुस्तकात आम्ल पाऊस हा शब्द आला. पाऊस किती आम्ल होईल हे कशावर अवलंबून असते, तेही त्यांनी सांगून ठेवले: किती कोळसा जळतो, वारा कुठून कुठे वाहतो, समुद्र किती जवळ आहे, पाऊस किती आणि किती वेळा पडतो. आजचे शास्त्रज्ञ संगणकावर आम्ल पावसाचा अंदाज बांधतात, तेव्हाही याच गोष्टी विचारात घेतात.

सरकारी निरीक्षक

मधल्या काळात त्यांच्यावर एक मोठी जबाबदारी आली होती, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्याची खरी परीक्षा हीच होती.

कापड धुवायला, साबण करायला आणि काच बनवायला धुण्याचा सोडा लागतो. तो तेव्हा लब्लां पद्धतीने बनवायचे. मिठावर गंधकाम्ल ओतायचे, मग आलेला पदार्थ चुनखडी आणि कोळशासोबत भाजायचा. पहिल्याच पायरीला हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, म्हणजे मिठाच्या आम्लाची वाफ. कारखानदार ती सरळ धुराड्यातून बाहेर सोडून देत. सेंट हेलेन्स, विडनेस या गावांभोवती मैलोन्‌मैल झाडे वाळली, कुंपणाच्या वेली जळाल्या, पिके करपली. काहींनी धुराडी आणखी उंच बांधली, तर आम्ल आणखी लांब जाऊन पडले.

शेतकरी ओरडत होतेच. पण त्या भागात मोठमोठ्या जमीनदारांच्याही जमिनी होत्या. लॉर्ड डर्बी यांची जहागीर सेंट हेलेन्सच्या जवळच. त्यांची झाडे मरायला लागली तेव्हा मात्र संसदेत चौकशी समिती बसली! १८६३ मध्ये कायदा झाला. सोड्याच्या प्रत्येक कारखान्याने या वायूपैकी किमान ९५ टक्के वायू अडवलाच पाहिजे. आणि हे बघायला नेमलेले पहिले मुख्य निरीक्षक म्हणजे रॉबर्ट अँगस स्मिथ. हाताखाली माणसे किती? चार. आणि कारखाने देशभर पसरलेले.

वायू अडवायचा कसा, हे आधीच माहीत होते. उंच मनोरा बांधायचा, त्यात कोक किंवा विटांचे तुकडे भरायचे, वरून पाणी ठिबकत ठेवायचे आणि खालून वायू सोडायचा. तो पाण्यात विरघळतो. विल्यम गॉसेज यांनी १८३६ मध्येच असा मनोरा बनवला होता. अवघड काही नव्हते, पण सक्ती नसल्यामुळे बहुतेकजण नीट लक्ष देत नव्हते.

स्मिथ कारखान्यात जाऊन मोजमाप करू लागले. पण त्यांची रीत वेगळी होती. दंड ठोकायचा, कोर्टात खेचायचे, हे त्यांनी फारच कमी वेळा केले. त्याऐवजी ते मालकाला दाखवून देत की बघा, तुमच्या मनोऱ्यात इथे फट आहे, इथे पाणी कमी पडते, असे करा म्हणजे वायू अडेल. एखाद्या शिक्षकाने छडी बाजूला ठेवून गणित पुन्हा समजावून सांगावे, तसे. आणि पहिल्याच वर्षापासून बहुतेक कारखाने ९५ टक्क्यांच्याही पुढे गेले.

त्यांच्यावर टीकाही झाली. मालकांशी इतके सलोख्याने वागायचे असेल तर निरीक्षक कशाला हवा, असे लोक विचारत. ही टीका अगदीच चुकीची होती असे मला वाटत नाही. कारण कायदा पाळूनही नुकसान थांबत नव्हते. कारखाने वाढत गेले, त्यामुळे उरलेले पाच टक्केसुद्धा पुष्कळ होत होते. शिवाय पाण्यात अडवलेले आम्ल ओढ्यांत सोडून दिले जाई. तिथे ते सोड्याच्या कारखान्याच्या गंधकयुक्त कचऱ्याला भिडले की सडक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू सुटायचा. हवा स्वच्छ करताना पाणी नासले! नंतर वेल्डन आणि डीकन यांच्या पद्धती आल्या, त्या आम्लापासून कापड पांढरे करायची भुकटी बनू लागली, आणि जे फेकायचे होते तेच विकले जाऊ लागले. तेव्हा कुठे मालकांनाही आम्ल अडवण्यात रस वाटू लागला.

स्मिथ यांनी कायदा सुधारावा म्हणून पाठपुरावा केला. १८७४ मध्ये नियम कडक झाला. टक्केवारीसोबत आता धुराड्यातून निघणाऱ्या दर घनफूट हवेत किती आम्ल चालेल याचीही मर्यादा ठरली. १८८१ मध्ये आणखी बऱ्याच प्रकारचे रासायनिक कारखाने कायद्याखाली आले. पण एक गोष्ट बाहेरच राहिली, ती म्हणजे दगडी कोळशाचा धूर. गंमत अशी की कोळशातून निघणारे गंधकाचे आम्ल हेच सगळ्यात जास्त आहे, हे सगळ्या देशात स्मिथ यांच्याइतके कोणालाच माहीत नव्हते. त्यांच्याच बाटल्यांनी ते दाखवले होते. पण ज्या कोळशावर प्रत्येक गिरणी, प्रत्येक आगगाडी आणि प्रत्येक घरातली चूल चालते, त्याला हात लावणार कोण? निरीक्षकाच्या अधिकारात ते नव्हते. मोजता येत होते, थांबवता येत नव्हते. वीस वर्षे ते याच अवस्थेत काम करत राहिले.

त्यांनी लग्न केले नाही. स्वभावाने शांत, वाचनाची प्रचंड आवड. अणुसिद्धान्त मांडणारे जॉन डाल्टन मँचेस्टरचेच, त्यांचे चरित्र स्मिथ यांनी १८५६ मध्ये लिहिले. स्कॉटलंडच्या जुन्या लोककथांवरही त्यांचे एक पुस्तक आहे. मित्राच्या बोटीतून आइसलँडपर्यंत प्रवास केला, त्याचेही वर्णन लिहिले. १२ मे १८८४ रोजी वेल्समधील कोल्विन बे येथे त्यांचे निधन झाले. वय ६७. शेवटपर्यंत ते मुख्य निरीक्षक होते. मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डमधील कर्सल येथे त्यांना पुरले.

पुस्तक कपाटात, आम्ल मातीत

त्यानंतर काय झाले? जवळजवळ काहीच नाही. ‘हवा आणि पाऊस’ हे पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटात पडून राहिले आणि शब्द विसरला गेला. कोळसा मात्र जळतच होता, आधी युरोपात आणि मग अमेरिकेत.

१९६७ मध्ये स्वान्ते ओडेन या स्वीडनच्या मृदाशास्त्रज्ञांनी वर्तमानपत्रात लेख लिहून लोकांना जागे केले. इंग्लंड आणि मध्य युरोपातला धूर वाऱ्याबरोबर येऊन स्वीडनच्या तळ्यांत आणि जंगलांत आम्ल होऊन पडतो आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच दशकात अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हबर्ड ब्रुक नावाच्या जंगलात जीन लायकन्स, हर्बर्ट बोरमन आणि त्यांचे सहकारी १९६३ पासून पावसाचे पाणी गोळा करत होते. जवळपास एकही कारखाना नाही, तरी पाऊस आम्ल! स्वच्छ पावसाचा सामू साधारण ५.६ असतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. तिथे तो ४ च्या आसपास होता. सामू एकाने कमी झाला की आम्लता दहा पट वाढते, हे आपण शिकलोय. मग दीडने कमी म्हणजे किती? हिशोब करून बघा. तीस पटींपेक्षा जास्त!

आता माती. जंगलातली माती म्हणजे एक बचत खातेच समजा. चिकणमातीचे आणि कुजलेल्या पाल्याचे कण कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम धरून ठेवतात. झाडे त्यातून लागेल तेवढे काढतात, पाला पडला की परत भरतात. खडक हळूहळू झिजतो आणि थोडी नवीन भर घालतो. आम्ल पाऊस आला की काय होते? आम्लातला हायड्रोजन त्या कणांवर जागा बळकावतो, कॅल्शियम सुटते आणि सल्फेटसोबत ओढ्यात वाहून जाते. खाते रिकामे होत जाते. आणि ते फारच रिकामे झाले की मातीत एरवी गुपचूप बसलेले ॲल्युमिनियम विरघळायला लागते. ते झाडांच्या बारीक मुळांना बाधते, आणि ओढ्यात गेले तर माशांच्या कल्ल्यांना. लाल स्प्रूस हिवाळ्यातल्या थंडीने जास्त मरू लागला, साखर मेपलचे शेंडे वाळू लागले, ते यामुळेच. रोग वरून दिसत होता झाडाला, पण तो होता मातीत. लीबिग यांच्या प्रयोगशाळेत स्मिथ जे शिकले होते, तेच हे.

(आपल्या कोकणातली जांभ्याची मातीही आम्लधर्मी असते, पण ती वेगळ्या कारणाने. हजारो वर्षांच्या मुसळधार पावसाने तिच्यातला चुना धुऊन नेला आहे. ते निसर्गाचे काम, सावकाश झालेले. इथे तेच काम काही दशकांत झाले.)

यावर इलाज झाला. अमेरिकेत १९९० मध्ये हवेचा कायदा सुधारला, युरोपीय देशांनी आपसात करार केले. वीज केंद्रांच्या धुराड्यांत चुनखडीच्या पाण्याने गंधकाचा वायू धुऊन काढायची यंत्रे बसली. नीट बघितले तर तीच कल्पना, खालून वायू आणि वरून पाणी! ब्रिटनमध्ये गंधकाच्या वायूचे प्रमाण १९७० च्या मानाने ९५ टक्क्यांहून जास्त घटले आहे.

मग माती लगेच बरी झाली का? नाही ना. माझ्या वर्गात हा प्रश्न विचारला तर सगळे हो म्हणतात. पाऊस स्वच्छ झाला, म्हणजे माती स्वच्छ. पण खात्यातून पैसे काढणे थांबले म्हणजे गेलेले पैसे परत येत नाहीत. नवीन भर घालणारा खडकच, आणि त्याची गती अत्यंत संथ. त्यात मातीत साठलेला जुना सल्फेट पाऊस सुधारल्यावरही वर्षानुवर्षे बाहेर पडत राहतो आणि जाताना कॅल्शियम घेऊनच जातो. १९९६ मध्ये हबर्ड ब्रुकच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले, तेव्हा सगळ्यांनाच धक्का बसला: पाऊस सुधारतोय, पण मातीतला चुना इतका कमी झालाय की जंगलाची वाढच जवळपास थांबली आहे.

मग त्यांनी एक भन्नाट प्रयोग केला. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये हेलिकॉप्टरमधून सुमारे १२ हेक्टरच्या एका पाणलोटावर वोलॅस्टोनाइट या कॅल्शियमयुक्त खनिजाच्या गोळ्या टाकल्या. चाळीस टनांहून जास्त! गेलेले कॅल्शियम परत द्यायचे आणि काय होते ते बघायचे. पुढच्या वर्षांत साखर मेपलची रोपे जास्त जगली, झाडांचे शेंडे भरले, लाल स्प्रूसला थंडीची बाधा कमी झाली. पण जादू झाली असे मात्र समजू नका. काही वर्षांनी तिथल्या ओढ्यात नायट्रोजन जास्त वाहून जाऊ लागला, ज्याची कोणाला अपेक्षा नव्हती. आजारी माणसाला एकदम जेवण घातले की पोट बिघडते, तसे काहीसे.

आणि ज्या जंगलांत काहीच टाकले नाही तिथे? २०१५ मध्ये ग्रेगरी लॉरेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईशान्य अमेरिका आणि पूर्व कॅनडातल्या २७ जागांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांनी वर्षांपूर्वी जिथून माती घेतली होती, त्याच जागांवर पुन्हा खणून माती घेतली आणि तुलना केली. जमिनीचा वरचा, पाल्यापाचोळ्याचा थर खरोखरच सुधारू लागला होता. त्यातले त्रासदायक ॲल्युमिनियम बहुतेक ठिकाणी घटले होते. पण खालच्या थरात कॅल्शियम परत आलेले दिसले नाही. म्हणजे सुधारणा वरून खाली, पाल्याच्या वाटेने, अगदी मुंगीच्या पावलाने चालली आहे. स्मिथ यांनी पाऊस धरला नसता, हबर्ड ब्रुकच्या लोकांनी १९६३ पासून बाटल्या भरल्या नसत्या, आणि कोणी जुन्या मातीचे नमुने डब्यात जपून ठेवले नसते, तर ही तुलना करायची कशाशी?

इंग्लंडमध्ये रॉदमस्टेड नावाच्या शेती केंद्रात असे डबे आहेत. तिथल्या गीसक्रॉफ्ट नावाच्या शेतातली १८८३ सालची माती अजून जपलेली आहे. स्मिथ यांच्या मृत्यूच्या आधीचे वर्ष. ते शेत पुढे पडीक सोडले, तिथे झाडी वाढली. तेव्हा त्या मातीचा सामू ७ च्या आसपास होता. शंभरेक वर्षांत तो साडेचारच्या खाली गेला, काही वाढत्या झाडांमुळे आणि काही आम्ल पावसामुळे. आता ब्रिटनभर मातीची पाहणी होते, तेव्हा वरच्या थराची आम्लता कमी होत असल्याचे दिसते आहे.

मँचेस्टरच्या पूर्वेला पेनाइन डोंगर आहेत. स्मिथ ज्या धुराचा हिशोब ठेवत होते, तो धूर वाऱ्याबरोबर याच डोंगरांवर जाई आणि पावसातून उतरे. तिथे पीट नावाची काळी, कुजलेल्या शेवाळाची जमीन आहे, आणि ती बनवते स्फॅग्नम नावाचे शेवाळ. हे शेवाळ पाणी धरून ठेवते, अगदी स्पंजसारखे. दीडशे वर्षांच्या आम्लाने ते बहुतेक भागातून नाहीसे झाले, पीट उघडी पडली, पावसात वाहू लागली. पाऊस आता स्वच्छ आहे, पण शेवाळ आपोआप परत आले नाही. म्हणून या शतकात तिथे लोक डोंगरावर चुना पसरतात, गवताचे बी टाकतात, आणि जमीन जरा सावरली की ओल्या काळ्या पीटमध्ये भोक पाडून स्फॅग्नमचा एकेक झुपका हाताने लावतात.